गिरजाचा दगड

देवझरीच्या जंगलातली वाट अवघी अडीच किलोमीटरची. तीन वर्षांपूर्वीपर्यंत तिला वाट म्हणावं असं तिच्यात काही नव्हतं; गुरं जायची, मेंढरं जायची आणि त्यांच्या मागं माणसं. मग शहरातल्या हौशी मंडळींनी वनवाट समिती काढली, दोन्ही कडांना चुना फासलेले दगड मांडले, तोंडाशी कमान उभारली आणि कमानीवर ‘सहकुटुंब यावे’ असं आमंत्रण रंगवलं. तेव्हापासून दर रविवारी छत्रपती संभाजीनगराहून मोटारी येतात. पायातले बूट बघावेत तर वाटावं मंडळी हिमालयाला निघाली, आणि पाठीवरची पिशवी उघडावी तर आत वेफर्सची पाकिटं. तासाभरात वाट संपते, फोटो निघतात आणि पाकिटं तिथंच राहतात.

ती पाकिटं उचलायला समितीनं म्हाळसाबाईला ठेवलं होतं. बाई साठीच्या पुढची. किती पुढची ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. उभी हयात मेंढरांमागं गेलेली. नवऱ्याचं नाव खंडेराव, त्यामुळं लग्न झाल्या दिवसापासून लोकांनी चेष्टा सोडली नाही. खंडेराव झाला, म्हाळसा झाली, आता बाणाई कधी आणतोस, असं जो तो विचारायचा. खंडेराव म्हणायचा, “हिलाच पुरा पडंना मी, दुसरी कुठं आणतो.”

रोज सकाळी ती वाट झाडायची आणि रविवारी पाहुण्यांच्या मागं मागं टोपली घेऊन चालायची. खरं सांगायचं तर तिला कुणी छदाम दिला नसता तरी तिनं ते काम केलं असतं. वाटेच्या शेवटी, अंजनाच्या झाडाखाली, तिच्या लेकीचा दगड उभा होता.

सव्वीस वर्षं झाली त्याला. त्या उन्हाळ्यात खंडेरावाच्या मेंढरांचा मुक्काम देवझरीत होता. जंगलात एक जुनी बारव आहे, खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची. एक कोकरू पाण्याच्या वासानं उतरलं आणि शेवाळावरून घसरून पाण्यात पडलं. त्याच्या मागं सात वर्षांची गिरजा उतरली. गिरजा नदीच्या काठी जन्मली म्हणून गिरजा. तिनं कोकराला ढकलून पायरीवर चढवलं आणि तिचा पाय गेला. म्हाळसाबाई पोचली तेव्हा कोकरू पायरीवर उभं राहून ओरडत होतं आणि पाणी निवांत होतं.

अंजनाखाली पोरीला पुरलं आणि चौथ्या दिवशी मुक्काम हलवावा लागला, कारण चारा संपला होता. मेंढपाळाला बसून रडायची मुभा नसते. लहान लेकरासाठी दगड उभा करायची त्यांच्यात रीतही नाही. पण खंडेरावाच्या मनात काय आलं कुणास ठाऊक, पाचोडच्या बाजारात जाती-पाट्यांना टाकी लावणाऱ्या बाईकडून त्यानं एक बोथट छिन्नी मागून आणली. पुढच्या उन्हाळ्यात मुक्काम परत तिथं पडला तेव्हा त्यानं दगडावर सूर्य आणि चंद्र काढले. दुसऱ्या उन्हाळ्यात पोर काढली. तिसऱ्या उन्हाळ्यात पोरीच्या हातात कोकरू दिलं. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वाटेवरच्या जुन्या लेण्याच्या तोंडाशी तीन फार जुने दगड उभे आहेत, त्यांच्याकडं बघून बघून त्यानं केलं. वर सूर्य-चंद्र, खाली मेलेलं माणूस, आणि ते कशापायी मेलं ते. एवढं त्याला त्या दगडांवरून कळलं होतं.

पुढं मेंढरं विकली गेली, नवरा-बायको पायथ्याच्या वस्तीत स्थिरावली. धाकटा भिकन करमाडला खोली घेऊन तिकडंच एका कारखान्यात लागला. खंडेरावाला दम्यानं धरलं. आणि मग एक दिवस टेप आणि वही घेऊन अनंतराव आले.

अनंतराव म्हणजे समितीतलेच एक, सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं जुनी दप्तरं सांभाळून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्तीनंतर कुणी देवदेव करतं, कुणी शेअर बाजार बघतं. यांना दगडांचा नाद लागला. माणूस सज्जन, बोलायला गोड. अंजनाखालचा दगड बघून ते हरखून गेले. खंडेराव धापा टाकत त्यांच्याजवळ गेला आणि म्हणाला, “सायब, हा आमच्या लेकीचा हाय.” अनंतरावांनी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. म्हाळसाबाईनं ते डोळ्यांनी बघितलं होतं.

दिवाळीत दगडाभोवती लोखंडी कठडा आला आणि शेजारी पाटी. खंडेराव काठी टेकत, चार ठिकाणी बसत तिथवर गेला. पाटीवरून हात फिरवून म्हणाला, “लोखंडावर नाव आलं पोरीचं. आता पुसायचं नाय.” माघात तो गेला, जाताना त्याच्या जिवाला तेवढी एक गोष्ट गोड लागली होती. दोघांनाही वाचता येत नव्हतं. पाटीवर काय लिहिलंय हे म्हाळसाबाईनं कधी कुणाला विचारलं नाही. स्वतःच्या पोरीचं नाव दुसऱ्याला काय विचारायचं?

फाल्गुनातल्या एका रविवारी अनंतराव सून आणि नातीला घेऊन आले. सून हिमानी बँकेत होती. नात मृण्मयी आठ वर्षांची, दोन वेण्या आणि हजार प्रश्न. अनंतराव खुशीत होते. कमानीपाशीच म्हणाले, “म्हाळसाबाई, आज मागं मागं नका चालू, आमच्या बरोबर चला. तुम्हाला इथलं सगळं ठाऊक आहे.”

तर ती चौघं निघाली. निजामाच्या काळातल्या नाक्याच्या पडक्या भिंतीपाशी अनंतरावांनी नातीला सांगितलं की इथं बैलगाड्या अडवून जकात घेत. मृण्मयीनं आजोबांना अडवून दोन बिस्किटं जकात घेतली आणि मगच पुढं सोडलं. म्हाळसाबाई तोंडाला पदर लावून हसली. सागाची पानं गळून वाटेवर पसरली होती, पायाखाली पापडासारखी मोडत होती. लेण्याच्या तोंडाशी ते तीन जुने दगड लागले. तिथं अनंतरावांनी नातीला वीरगळ म्हणजे काय ते समजावलं: लढाईत पडलेल्या माणसाची आठवण म्हणून गाव असा दगड उभा करी.

बारवेशी आल्यावर हिमानी कठड्यावर वाकून फोटो काढू लागली. म्हाळसाबाई दहा पावलं लांब, झाडाकडं तोंड करून उभी राहिली.

“आजी, तुम्ही बघत नाही?” मृण्मयीनं विचारलं.

“बघितलीय बाळा म्या,” ती म्हणाली. “तू बी लांबून बघ. आईचा हात सोडू नको.”

मृण्मयी शहाणी पोर, तिनं आईचा हात धरला. त्यानं म्हाळसाबाईचा जीव उगाचच भरून आला.

अंजनाखाली पोचल्यावर अनंतराव म्हणाले, “हं मृण्मयी, पाटी मोठ्यानं वाच बघू. जोडाक्षरं नीट.”

म्हाळसाबाईनं टोपली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर सारखा केला. चार महिने झाले होते पाटी लागून. लोक यायचे, मनातल्या मनात वाचायचे आणि फोटो काढून जायचे. मोठ्यानं वाचणारं हे पहिलंच माणूस. छाती धडधडायला लागली, एखाद्या कार्यात आपल्या घरच्याचं नाव पुकारणार असल्यावर होते तशी.

मृण्मयीनं घसा खाकरला. “वीरगळ. अंदाजे तेरावे शतक. गोधनाचे रक्षण करताना धारातीर्थी पडलेल्या अज्ञात वीराचे हे स्मारक होय. वरील भागात सूर्य व चंद्र कोरलेले आहेत.” ती थांबली. “आई, अज्ञात म्हणजे?”

“ज्याचं नाव कुणालाच माहीत नाही तो,” हिमानी म्हणाली.

म्हाळसाबाईला अर्धे शब्द कळले नव्हते, हा मात्र नीट कळला.

“फुडं वाच बाळा,” ती म्हणाली.

“संपलं, आजी.”

“नाव आसंल बघ खाली. पोरीचं.”

मृण्मयी पाटीशी वाकली. “खाली आजोबांचं नाव आहे. शोध: अनंतराव.”

अनंतराव जरासे लाजले. त्यांना वाटलं बाई त्यांचंच कौतुक करायला विचारते आहे. म्हणाले, “म्हाळसाबाई, अजून एक आनंदाची गोष्ट. शहरातल्या वस्तुसंग्रहालयानं हा दगड मागितलाय. इथं ऊनपावसात झिजतो ना. येत्या बुधवारी टेम्पो येणार आहे.”

“सायब,” ती म्हणाली, “हा माझ्या गिरजाचा दगड हाय.”

हिमानीनं फोन खाली केला. अनंतराव समजुतीनं हसले. “तुमची श्रद्धा आहे, मला ठाऊक आहे. पण असे दगड सातशे-आठशे वर्षांचे असतात.”

“श्रद्धा नाय सायब. माझ्या मालकानं केलाय. तीन उन्हाळं लागलं त्याला.” आणि मग तिनं बारवेचं सगळं सांगितलं, न रडता, एकामागून एक, मेंढरं मोजावीत तसं. सांगून झाल्यावर कठड्यातून आत शिरली, दगडाच्या मागं गुडघे टेकले आणि कमरेला खोचलेल्या खुरप्यानं बुडाची माती उकरली. वीतभर खाली दगडावर एक कान कोरलेला होता. मेंढराचा कान, टोक छाटलेला, त्याला दोन चिरा.

“आमच्या घरची खूण हाय ही,” ती म्हणाली. “हरेक घराची येगळी आसती. चुकलेलं मेंढरू कुणाला घावलं तर कान बघून आणून सोडत्यात. मालक म्हणला, उद्या आपुन नसलो तर पोर कुणाची ते कळाया पायजे.”

अनंतराव चष्मा काढून खाली वाकले. छिन्नीच्या घावांच्या कडा मातीखाली अजून ताज्या होत्या, कालपरवा मारल्यासारख्या. ते बराच वेळ उठले नाहीत. उठले तेव्हा नातीच्या खांद्याला धरून उठले.

“त्यांनी मला सांगितलं होतं,” ते सुनेला म्हणाले. “मी लिहूनसुद्धा घेतलं होतं.”

“कुठं लिहिलंत?” हिमानीनं विचारलं.

“दंतकथा या सदराखाली.”

बिचाऱ्यांची चूक तरी काय म्हणावी? पस्तीस वर्षं ज्याच्या हाती कागद त्याचं खरं धरत आलेला माणूस. गावोगाव लोक त्यांना सांगत आले होते की हे भीमानं बांधलं, ते सीतेनं रांधलं. ते सगळं ज्या पानावर जाई त्याच पानावर खंडेरावाची लेक गेली. पण चूक ती चूकच, आणि त्यांना ती झोंबली. माणूस सज्जन असल्यामुळं त्यांनी सज्जन माणसं करतात तेच केलं: तिथल्या तिथं फोन काढून खरं सांगून टाकलं. समितीचे चिटणीस शिवराजराव पलीकडं होते. अनंतरावांना कमी ऐकू येई म्हणून फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता.

“जुना नाही म्हणजे काय?” शिवराजराव म्हणाले. “बातमी देऊन बसलोय आम्ही. बरं, जुना नसेल तर मग तो हद्दीत परवानगीशिवाय उभा केलेला दगड झाला. काढावा लागेल. आज एकाला सूट दिली तर उद्या जो तो आपल्या मेलेल्या माणसाचा दगड आणून रोवील.”

“मग त्यांना घरी तरी नेऊ द्या,” अनंतराव म्हणाले.

“इथली काडीसुद्धा बाहेर नेता येत नाही, तुम्हीच नियम लिहिलेत. फोडून पायऱ्यांना वापरू. हे बघा, मी बुधवारी येतोच आहे. बाईंचा जबाब घेऊ. त्यांचा असेल तर फोडायचा, नसेल तर संग्रहालयात जाईल.”

फोन बंद झाला. मृण्मयी आईच्या मागं लपली होती. अनंतरावांनी अर्ज करीन, भांडेन, वर जाईन असं बरंच काही सांगितलं. म्हाळसाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

“तुमच्या अर्जानं दगड ऱ्हाईल का?”

खोटं बोलता आलं असतं तर ते त्या वेळी नक्की बोलले असते. “सांगता येत नाही,” ते म्हणाले.

त्या रात्री शेजारणीनं भिकनला फोन लावून दिला. भिकन दोन वर्षांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याला बहीण आठवत नव्हती, आठवत होती ती फक्त आई-बापाची दर उन्हाळ्यातली मुकी तोंडं. तो म्हणाला, “आये, दगडच हाय की त्यो. तू हिकडं ये करमाडला, ऱ्हा आमच्याजवळ.” त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून तिला त्याच्यावर रागावताही आलं नाही. दोन दिवस तिला घास गिळवला नाही. पोरीचं नाव घ्यावं तर दगडाचे तुकडे होतात, आणि दगड वाचवावा तर पोर परक्याची होते. खंडेराव असता तर काय म्हणाला असता हे तिनं पुन्हा पुन्हा आठवून बघितलं. प्रत्येक वेळी तिला तो उन्हात उकिडवा बसलेला दिसला, बोटांना चिंध्या बांधून, पोरीच्या नाकाशी छिन्नी अलगद टेकवताना. नाक नीट यावं म्हणून त्यानं अख्खा आठवडा घातला होता.

बुधवारी दहाच्या सुमाराला टेम्पो आला. चार हमाल, गवताच्या पेंढ्या, जाड दोर. शिवराजराव होते, संग्रहालयाची एक बाई होती. अनंतरावही आले होते, तीन दिवसांत तीन वर्षांनी म्हातारे झालेले.

शिवराजरावांनी कागद काढला. “बाई, विचारतो त्याचं सरळ उत्तर द्या. हा दगड तुमचा का?”

“नाय,” म्हाळसाबाई म्हणाली.

अनंतरावांनी दचकून वर बघितलं.

“तुमच्या घरच्या कुणी उभा केलाय?”

“नाय. लई जुना हाय त्यो. आमच्या म्हाताऱ्याच्या म्हाताऱ्यापासनं हाय.”

“मग रविवारी असं का म्हणालात?”

“म्हातारी हाय सायब. मालक गेल्यापासनं डोस्कं ठिकाणावर नसतं. काय बी बरळती.”

“आणि मागं कोरलेली ती खूण?”

“आसंल कुणाची. मला नाय ठावं.”

शिवराजरावांना हायसं वाटलं ते त्यांच्या तोंडावर दिसलं. त्यांनी कागद वाचून दाखवला: या दगडाशी माझा किंवा माझ्या कुटुंबाचा कोणताही संबंध नाही, मी राजीखुशीनं लिहून देते. शाईची डबी पुढं केली. म्हाळसाबाईनं अंगठा उठवला. शेताचा नाही, घराचा नाही; पोटच्या पोरीवरचा हक्क तिनं राजीखुशीनं लिहून दिला, आणि अंगठा पदराला पुसला.

“म्हाळसाबाई,” अनंतराव पुढं होऊन म्हणाले. “असं नका करू. मी सांगतो ना यांना.”

तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर त्यांना सोसायला सोपं गेलं असतं.

“सायब, तुमी लिव्हलंय त्येच खरं,” ती म्हणाली. “आता बदलू नका.”

हमालांनी कठडा काढला, दगडाच्या बुडाशी पहारी घातल्या. दगड हलला, कलला, मुळासकट बाहेर आला. चौघांनी दोर आवळून उचलला. टेम्पोशी नेताना एकाचा पाय घसरला आणि दगडाची वरची कड फळीवर आदळली, पोरीच्या डोक्याच्या बाजूनं. म्हाळसाबाई एक पाऊल पुढं झाली. तोंड उघडलं होतं तिचं, आवाज गळ्यापर्यंत आला होता. पण नुकताच अंगठा दिला होता. जिचा काही संबंध नाही तिला ओरडता येत नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि ते पाऊल परत मागं घेतलं.

पेंढ्यांत दगड निजवून दोर बांधले. संग्रहालयाची बाई शिवराजरावांना सांगत होती की फार सुबक आहे, विशेषतः चेहरा. टेम्पो धूळ उडवत वळणाआड गेला.

अंजनाखाली कमरेएवढा खड्डा उरला. एक हमाल फावडं घेऊन मागं थांबला होता, त्यानं कडेची माती आत लोटायला सुरुवात केली.

“थांब रं जरा,” म्हाळसाबाई म्हणाली.

ती खड्ड्याच्या कडेला बसली. सव्वीस वर्षांपूर्वी तिला इथवर येऊ दिलं नव्हतं. बायांनी यायचं नसतं म्हणून चुलत सासऱ्यांनी तिला बारवेपाशीच धरून ठेवलं होतं, आणि खंडेराव एकटा पोरीला खांद्यावर घेऊन झाडाकडं गेला होता. तो परत आला तेव्हा त्याच्या हाताला लागलेली माती तिनं बघितली होती, तेवढंच. दगड गेला होता. पोर अजून इथंच खाली होती. म्हाळसाबाईनं मूठभर माती उचलली, आत सोडली. मग दुसरी. मग तिसरी. ओठ हलत होते, पण नाव काही बाहेर पडू दिलं नाही तिनं.

शिवराजराव कागद घडी घालत जवळ आले. “काय करताय बाई?”

म्हाळसाबाईनं वर न बघता चौथी मूठ भरून घेतली.

“खड्डा बुजवतीया सायब,” ती म्हणाली. “लेकरंबाळं येत्यात हितं. पाय जाईल एखांद्याचा.”